हरकतीची वेळ



२०१२-१३ चा हिवाळा संपता संपता ऑक्सफर्डमधल्या पोर्ट मेडो या कुरणावर फिरायला जाणाऱ्या लोकांना सेंट बार्नबस चर्चचा मनोरा हळूहळू दिसेनासा होऊ लागला. मनोरा जागच्या जागी होता. कुरण आणि मनोरा यांच्यामधून रेल्वे जाते. रुळांलगतच्या चिंचोळ्या पट्टीवर, जिथे पूर्वी रेल्वेची जमीन होती, तिथे चार-पाच मजली इमारतींची एक लांबलचक रांग वर येत होती. फिकट भिंती, एकसारखी छपरे आणि एकामागून एक गाळे. फलकावर नाव होते कॅसल मिल आणि मालक होते ऑक्सफर्ड विद्यापीठ. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तिथे ३१२ घरे आणि खोल्या बांधल्या जात होत्या. परवानगी रीतसर मिळाली होती. नगरपरिषदेच्या समितीने २०१२ च्या फेब्रुवारीत प्रस्तावाला होकार दिला होता आणि ऑगस्टमध्ये परवानगीचे पत्र निघाले होते. बहुतेक नागरिकांना याचा पत्ता लागला तो मात्र छपरे आभाळाला टेकू लागल्यावर.

ऐतिहासिक शहरात विद्यार्थ्यांसाठी घरे बांधायला निघाले की विरोध होतो, हे जगभरचे चित्र आहे. असा विरोध रास्त केव्हा असतो, आपमतलबी केव्हा होतो आणि निरुपयोगी केव्हा ठरतो, हे तपासायला कॅसल मिलइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही. इथे दोन्ही बाजूंना शिकलेली, कायदा जाणणारी आणि आपल्या गावावर प्रेम करणारी माणसे होती. तरी जे व्हायचे ते झालेच.

आधी कुरणाकडे पाहू. पोर्ट मेडो म्हणजे थेम्सच्या काठची शेकडो एकर सपाट गवताळ जमीन. ऑक्सफर्डपाशी थेम्सला आयसिस म्हणतात. या जमिनीवर सुमारे चार हजार वर्षांत नांगर फिरलेला नाही, असे मानले जाते. कांस्ययुगातली थडगी आणि लोहयुगातल्या वस्तीच्या खुणा तिच्या पोटात आहेत, म्हणूनच ती संरक्षित पुरातन स्थळ ठरली आहे. इंग्लंडच्या १०८६ सालच्या जमीनमोजणीच्या बाडात, म्हणजे डूम्सडे बुकात, शहराच्या तटाबाहेर ऑक्सफर्डच्या नागरिकांचे सामाईक कुरण असल्याची नोंद आहे. डेन लोकांशी लढायला मदत केली म्हणून आल्फ्रेड राजाने ते नागरिकांना बहाल केले, अशी दंतकथाही सांगतात. शहराचे फ्रीमेन आणि शेजारच्या वुल्व्हरकोट गावचे हक्कदार आजही तिथे घोडे आणि गुरे चारतात. एके काळी या कुरणावर घोड्यांच्या शर्यती रंगत, पहिल्या महायुद्धात इथे वैमानिकांचे प्रशिक्षण चाले. पावसाळी हिवाळ्यात अर्धे कुरण पाण्याखाली जाते आणि कडाक्याची थंडी पडली की त्याच पाण्याचा बर्फ होऊन पोरे त्यावर घसरतात.

१८६२ च्या ४ जुलैला लुईस कॅरल तीन लहान मुलींना घेऊन होडीतून गॉडस्टोला निघाला आणि वाटेत त्याने त्यांना ॲलिसची गोष्ट रचून सांगितली. ती होडी याच कुरणाच्या कडेने गेली. पलीकडच्या बिन्सी गावातली पॉप्लरची झाडे १८७९ मध्ये तोडली गेली, तेव्हा जेरार्ड मॅनली हॉपकिन्सने त्यांच्यावर कविता लिहिली. मागून येणाऱ्यांना इथल्या सौंदर्याचा अंदाजही करता येणार नाही, ही खंत तिच्यात आहे.  म्हणजे या कुरणावरून काय दिसते आणि काय दिसेनासे होते, याची काळजी तिथले लोक आज नव्हे, दीडशे वर्षांपासून करत आले आहेत.

दिसेनासा झालेला मनोराही साधा नव्हे. जेरिको नावाच्या कामगारवस्तीत १८६९ मध्ये सेंट बार्नबस उभे राहिले. विद्यापीठाच्या छापखान्याचा प्रमुख थॉमस कोम याने ते आपल्या खर्चाने बांधवले, वास्तुकार होता आर्थर ब्लूमफील्ड. छापखान्यातल्या कामगारांना प्रार्थनेसाठी जागा हवी होती. टॉमस हार्डीने तरुणपणी याच ब्लूमफील्डच्या हाताखाली नोकरी केली होती. पुढे १८९५ च्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ या कादंबरीत त्याने हे चर्च वेगळ्या नावाने आणले. त्या कादंबरीचा नायक पाथरवट आहे. विद्यापीठाच्या भिंती दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला विद्यापीठात शिकायला मात्र प्रवेश मिळत नाही. शहर आणि विद्यापीठ यांच्यातली ही दरी आजची नाही.

ती किती जुनी आहे, हे घरभाड्याच्या इतिहासावरून कळते. १२०९ मध्ये एका स्त्रीच्या हत्येवरून नगरकरांनी काही विद्यार्थ्यांना फासावर चढवले. बाकीचे विद्यार्थी आणि शिक्षक शहर सोडून पांगले आणि त्यांतले काही केंब्रिजला जाऊन स्थिरावले. केंब्रिज विद्यापीठाची सुरुवात इथूनच मोजतात. १२१४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने तह घडवून आणला. त्याची एक महत्त्वाची अट भाड्याविषयी होती: विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या घरांचे भाडे दहा वर्षे निम्मे घ्यायचे. विद्यार्थ्यांच्या खोल्यांवरच्या भाडेनियंत्रणाला म्हणजे आठशे वर्षे होऊन गेली.

१३५५ च्या १० फेब्रुवारीला कारफॅक्स चौकातल्या एका गुत्त्यात वाईनच्या दर्जावरून बाचाबाची झाली. तिचे दंगलीत रूपांतर झाले आणि ती तीन दिवस चालली. परंपरेने सांगितला जाणारा आकडा ६३ मृत विद्यार्थ्यांचा आहे. नगरकरही मारले गेले. शिक्षा मात्र शहराला झाली. दरवर्षी त्या दिवशी महापौराने चर्चमध्ये जाऊन प्रायश्चित्ताची ६३ नाणी ठेवायची, ही प्रथा १८२५ पर्यंत चालली. दोन्ही पक्षांचा औपचारिक समेट व्हायला १९५५ उजाडले.

आता विद्यापीठाची बाजू. कॅसल मिल ही हौसेने बांधलेली इमारत नव्हती. २०२१ च्या जनगणनेत ऑक्सफर्डची लोकसंख्या सुमारे १ लाख ६२ हजार भरली. शहरातल्या दोन विद्यापीठांचे विद्यार्थी मिळून त्याच्या चौथाईच्या आसपास जातात. शहराभोवती हरितपट्टा आहे, त्यात सहसा बांधता येत नाही. नद्यांच्या पूरक्षेत्रातही सहसा बांधता येत नाही. मध्यवर्ती भागात कारफॅक्सपासून १२०० मीटरच्या वर्तुळात १८.२ मीटरपेक्षा उंच इमारत नको, असा अनेक वर्षांचा दंडक आहे. मॅथ्यू आर्नल्डने ज्या मनोऱ्यांना कवितेत अमर केले, त्यांची आकाशरेषा त्यामुळेच शाबूत राहिली. बाजूला जमीन नाही, वर आकाश नाही. अशा शहरात भाडी चढतात ती नोकरदारांनाही परवडत नाहीत, मग संशोधक विद्यार्थ्यांची काय कथा?

त्यात आणखी एक नियम आला आणि खरी गंमत तिथेच आहे. विद्यार्थी खासगी घरे भाड्याने घेतात, त्यामुळे कुटुंबांना घरे उरत नाहीत, ही नगरकरांची जुनी तक्रार. तिची दखल घेऊन नगरपरिषदेने आपल्या धोरणात असे ठरवले, की प्रत्येक विद्यापीठाचे फार तर ३००० पूर्णवेळ विद्यार्थी विद्यापीठाच्या निवासाबाहेर राहतील. त्याहून जास्त असतील तर विद्यापीठाच्या पुढच्या शैक्षणिक बांधकामांना परवानगी अडेल. २०१२ मध्येच आणखी एक पाऊल पडले. एकच घर अनेक बिऱ्हाडकरूंना देण्यासाठी नियोजन परवानगी सक्तीची झाली. म्हणजे विद्यार्थ्यांना गल्लीतून काढून वसतिगृहात न्या, असे शहरानेच सांगितले होते. विद्यापीठाने ते ऐकले आणि वसतिगृह बांधले. ते बांधले तेव्हा शहर म्हणाले, इथे नको.

याला नगरकरांचा दुटप्पीपणा म्हणून मोकळे होता येते. विद्यापीठाच्या बाजूने अनेकांनी तसे म्हटलेही. पण आक्षेप वसतिगृहाला नव्हता. त्या पट्टीवर विद्यापीठाची काही निवासी घरे आधीपासून होती आणि त्यांच्याविरुद्ध कुणी मोर्चा काढला नव्हता. आक्षेप होता उंचीला आणि त्या उंचीमुळे कुरणावरून दिसणाऱ्या देखाव्याचे जे झाले त्याला. ‘सेव्ह पोर्ट मेडो’ मोहिमेची मागणी इमारती पाडण्याची नव्हती, वरचे मजले उतरवण्याची होती.

पण तोवर उशीर झाला होता. इंग्लंडमध्ये प्रत्येक बांधकामाचा अर्ज लोकांसाठी खुला असतो. नोटीस लागते, नकाशे पाहायला मिळतात आणि साधारणपणे २१ दिवसांत कुणालाही आक्षेप नोंदवता येतो. कॅसल मिलच्या वेळी ही पायरी कागदोपत्री पाळली गेली. पण कुरणाच्या मध्यावर उभे राहिले तर ही इमारत कशी दिसेल, हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने कुणी विचारला नाही. सविस्तर पर्यावरणीय परिणाम अहवालाची गरज परिषदेला वाटली नाही. ग्रामीण इंग्लंडच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या सीपीआरई संस्थेच्या ऑक्सफर्डशायर शाखेने न्यायालयात धाव घेतली, पण ऑक्टोबर २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने हे प्रकरण पुढे चालवायला परवानगी नाकारली. तोवर इमारती पुऱ्या झाल्या होत्या.

परिषदेने नियोजनतज्ज्ञ व्हिन्सेंट गुडस्टॅट यांच्याकडून स्वतंत्र चौकशी करून घेतली. लोकांशी सल्लामसलत, दृश्यपरिणामांचे मोजमाप, समितीपुढे ठेवायचे टिपण, पर्यावरणीय छाननी या साऱ्या पायऱ्या सुधारण्याच्या शिफारशी त्यांनी केल्या. पुढच्या प्रकल्पांना त्या कामी येतील. कॅसल मिलला त्यांचा काही उपयोग नव्हता.

मग एक अजब दस्तऐवज तयार झाला. विद्यापीठाने स्वेच्छेने पर्यावरणीय परिणामांचा अहवाल करवला, तोही इमारती बांधून झाल्यावर. २०१४ च्या शरदात तो प्रसिद्ध झाला. कुरणावरून दिसणाऱ्या ऐतिहासिक देखाव्याची गंभीर हानी झाली आहे, हे त्यात स्पष्ट मान्य केले होते. उपायांचे तीन पर्याय मांडले होते: झाडे लावून आणि भिंतींचा रंग बदलून इमारती झाकणे, छपरांचा आकार बदलणे किंवा काही इमारतींचा एकेक मजला काढणे. तिसऱ्या पर्यायाचा खर्च विद्यापीठाच्या हिशेबाने सुमारे ३ कोटी पौंड होता. पहिला पर्याय त्याच्या तुलनेत अगदीच स्वस्त होता आणि विद्यापीठाचा कल कुठे होता हे सांगायची गरज नाही.

ऑक्सफर्डमध्ये विद्यापीठाचा शेवटचा शब्द कुलगुरूंचा नसतो, प्राध्यापकांच्या सभेचा असतो. तिला काँग्रिगेशन म्हणतात. मजले उतरवावेत असा ठराव काही प्राध्यापकांनीच सभेपुढे आणला आणि १० फेब्रुवारी २०१५ रोजी त्यावर वाद झाला. १३५५ च्या दंगलीला त्याच दिवशी ६६० वर्षे पूर्ण होत होती. ठराव ५३६ विरुद्ध २१० मतांनी पडला.

विरोधात मत देणारे सगळे सौंदर्यशत्रू होते, असे समजायचे कारण नाही. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. तिथे आता विद्यार्थी राहत आहेत, काही तर मुलाबाळांसह राहत आहेत. मजले काढायचे तर त्यांना बाहेर काढावे लागेल. ३ कोटी पौंड ही रक्कम शिष्यवृत्त्यांवर किंवा नव्या खोल्यांवर खर्च करता येईल. एक देखावा परत मिळवण्यासाठी राहती घरे मोडायची का? ठरावाच्या बाजूचे म्हणत होते की ज्याने नुकसान केले त्याला ते तसेच ठेवू दिले, तर पुढचा प्रत्येक विकासक आधी बांधेल आणि मग झाडे लावायचे आश्वासन देईल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच तो वाद त्या टप्प्यावर सुटण्यासारखा राहिला नव्हता. २०११ मध्ये नकाशावर एक रेघ खाली ओढून जे झाले असते, त्याची किंमत २०१५ मध्ये कोट्यवधी पौंड आणि लोकांची बिऱ्हाडे अशी झाली होती.

विरोधकांनाही काही प्रश्न विचारले पाहिजेत. ऑक्सफर्डमध्ये आज ज्या इमारती पाहायला जगभरातून लोक येतात, त्यांतल्या कित्येक एके काळी शहराला नकोशा होत्या. बेताच्या ऐपतीच्या मुलांसाठी १८७० मध्ये केबल कॉलेज निघाले. विल्यम बटरफील्डने ते दगडात न बांधता लाल, पांढऱ्या आणि निळसर विटांच्या पट्ट्यांत बांधले. खर्च आटोक्यात राहावा म्हणून खोल्या जिन्यांभोवती न मांडता लांब बोळांना लागून मांडल्या. त्या विटांची टिंगल पिढ्यान् पिढ्या झाली. आज केबलला पहिल्या श्रेणीच्या वारसा वास्तूचे संरक्षण आहे. आर्ने याकबसेन या डॅनिश वास्तुकाराचे सेंट कॅथरिन्स कॉलेजही त्याच श्रेणीत आहे. जेम्स स्टर्लिंगने क्वीन्स कॉलेजसाठी १९७१ मध्ये बांधलेली फ्लोरी बिल्डिंग तर निव्वळ विद्यार्थ्यांचे निवासस्थान. लाल कौलांची आणि काचेची ती इमारत उन्हाळ्यात तापते आणि हिवाळ्यात गारठते, असे तिथे राहणारे कुरकुरत. तीही वारसा यादीत आली. तेव्हा ‘आमच्या गावाला शोभत नाही’ एवढ्या एका वाक्यावर विरोध उभा करणाऱ्यांनी सावध असावे. रुची बदलते. अडवलेला देखावा मात्र अडलेलाच राहतो. केबलने कुणाचे क्षितिज झाकले नव्हते.

इंग्लंडच्या नियोजन कायद्यात हा भेद बऱ्यापैकी स्पष्ट आहे. माझ्या खिडकीतून दिसणारे दृश्य जाईल, माझ्या घराची किंमत उतरेल, हे आक्षेप विचारात घेतले जात नाहीत. सार्वजनिक जागेवरून दिसणारे दृश्य, उजेड, वाहतूक, पूर, गोंगाट आणि वारसा वास्तूंचा परिसर हे घेतले जातात. संरक्षित वास्तूच्या परिसराच्या जपणुकीला विशेष महत्त्व द्या, असे १९९० चा कायदा परवानगी देणाऱ्यांना सांगतो. तरीही आक्षेपांच्या पत्रांत पहिल्या प्रकारचीच भरती असते. विद्यार्थी कचरापेट्या रस्त्यावर सोडतात, उन्हाळ्यात गल्ली ओस पाडतात आणि मते देऊन निघून जातात, असे सारे त्यांत असते. हे खरे असेलही. पण ती तक्रार माणसांविरुद्ध आहे, इमारतीविरुद्ध नाही. तिच्या आधारावर परवानगी नाकारता येत नाही आणि येऊही नये.

दुसऱ्या प्रकारच्या, ठोस मुद्द्यांचा तुटवडा नाही. बाथ हे अख्खे शहर १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दोन विद्यापीठे वाढली तशी तिथल्या नदीकाठच्या जुन्या औद्योगिक जमिनींवर विद्यार्थ्यांचे गाळे उभे राहिले. स्थानिकांचा प्रश्न असा, की मोकळी होणारी प्रत्येक जमीन विद्यार्थिनिवासाला गेली तर शिक्षक, परिचारिका आणि बसचालक कुठे राहणार? या प्रश्नाच्या मागे आकडेमोड आहे. नेहमीच्या गृहप्रकल्पात विकासकाला काही घरे परवडणाऱ्या दरात द्यावी लागतात. विद्यार्थिनिवासाला ती अट सहसा तशीच लागू होत नाही. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना घरपट्टीसारखा असणारा कौन्सिल टॅक्स माफ असतो. त्यामुळे खासगी कंपन्यांना त्याच जमिनीवर फ्लॅटपेक्षा खोल्या बांधणे फायद्याचे पडते आणि त्या खोल्यांचे भाडे सामान्य विद्यार्थ्यालाही पेलत नाही. अशा प्रकल्पाला हरकत घेणारा नागरिक विद्यार्थ्याच्या विरोधात नसतो, बऱ्याचदा त्याच्या बाजूनेच असतो.

राहायला जागा मिळणे म्हणजे शिक्षणाचा दरवाजा उघडणे, हे मराठी मुलखाला सांगायला नको. नाशिकला जन्मलेली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेली ती सॉमरव्हिल हॉलमध्ये. मुलींसाठीची ही निवासस्थाने १८७९ पासून निघू लागली होती. विद्यापीठ मुलींना पदवी देत नव्हते, पण डोक्यावर छप्पर मिळाल्यामुळे व्याख्याने आणि परीक्षांपर्यंत त्यांना पोहोचता आले. १८९२ मध्ये सोराबजी कायद्याच्या बीसीएल परीक्षेला बसली, ऑक्सफर्डमध्ये ती देणारी पहिली स्त्री म्हणून. पदवी हातात पडायला आणखी तीस वर्षे गेली. आजही महाराष्ट्रातून परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या घरी प्रवेशाचे पत्र आले की दुसऱ्या दिवसापासून खोलीचा शोध सुरू होतो. म्हणून ‘आमच्या गावात विद्यार्थी नकोत’ असे म्हणणाऱ्याची बाजू कोणत्याही शहरात घेता येणार नाही. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना खोली नाकारणाऱ्या सोसायट्यांचीही नाही.

आपल्याकडे तर नागरिकाच्या हाती इंग्लंडपेक्षा कमी साधने आहेत. महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आहे. शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. जमिनीचा वापर बदलायचा असेल तेव्हाही ही संधी मिळते. पण एकेका इमारतीच्या नकाशाला मंजुरी देताना शेजाऱ्यांना विचारण्याची सर्वसाधारण पायरी आपल्या पद्धतीत नाही. नियमावलीत बसते ना, मग मंजूर. म्हणजे कुठे किती उंची चालेल, कोणत्या जागेवरून काय दिसत राहिले पाहिजे आणि विद्यार्थ्यांच्या निवासाला कोणते भूखंड राखायचे, हे सारे आराखड्याच्या टप्प्यावरच मांडावे लागते. पुढे ती संधी सहसा येत नाही.

कॅसल मिलच्या इमारती आजही पूर्ण उंचीने उभ्या आहेत आणि त्यांत संशोधक विद्यार्थी राहतात. झाडे लावून त्या झाकण्याचा उपाय ही मलमपट्टी आहे. दोष कुणाचा, याचे उत्तर तीन वाक्यांत देता येते. विद्यापीठाने खोल्यांची गरज पाहिली आणि कुरण पाहिले नाही. परिषदेने नियम पाहिले आणि दृश्य पाहिले नाही. नागरिकांनी दृश्य पाहिले ते सर्वांत शेवटी. यांतला पहिला दोष सर्वांत मोठा आहे, कारण विद्यापीठाकडे पैसा, वास्तुकार आणि वेळ तिन्ही होते.

श्रोत्यांना एवढीच विनंती. आपल्या शहराचा प्रारूप आराखडा पुढच्या वेळी प्रसिद्ध होईल तेव्हा तो मुदत संपण्याआधी उघडून पाहावा. वसतिगृहासाठी राखलेला भूखंड दिसला तर तो रद्द करा असे लिहू नये. किती मजले, कोणत्या बाजूला, कुठून काय झाकले जाईल आणि इथे नको असेल तर गावात दुसरी कोणती जागा योग्य, हे लेखी नोंदवावे. आणि सुनावणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे.